वहीचं शेवटचं पान



बरेच दिवस इकडे फिरकले नाही. गुडघे नेहमीप्रमाणे कुरकुरत होते, पण खरं कारण ते नाही. मध्यंतरी एका पुस्तकाने माझी झोप उडवली आणि त्यावर लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. आज लिहूनच टाकते. जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

१९७२ ते २००६ अशी चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. तेवढ्या वर्षांत किती वह्या तपासल्या असतील याचा हिशेब करायला गेलं तर भोवळ येईल. पण एक गोष्ट त्या वह्यांनी मला पक्की शिकवली. मूल कसं आहे हे वहीच्या पहिल्या पानावरून कधीच कळत नाही. पहिल्या पानावर मधोमध 'श्री', खाली वळणदार अक्षरात नाव, इयत्ता, तुकडी. मूल भेटतं ते शेवटच्या पानावर. तिथे फुल्लीगोळा असतो, एखाद्या नटाची सही गिरवलेली असते, उगाच केलेल्या बेरजा असतात, कुणाचं तरी नाव लिहून गिचमीड करून खोडलेलं असतं. बाईंचं चित्रही असतं. माझं तर अंबाड्यासकट असायचं.

आणि मी काय करायची? लाल पेनने शेरा मारायची, 'वहीचा गैरवापर करू नये.' फारच वैतागले तर ते पान टरकावून टाकायची. माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना आठवेल.

आता त्या पुस्तकाकडे येते. आमची चिऊ, म्हणजे माझ्या पुतण्याची मुलगी, नाटकाचं शिक्षण घेते. सुट्टीत आली ती एक फ्रेंच पुस्तक घेऊन. मला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, "आजी, वाचू नकोस, नुसती बघ." उघडून पाहते तर शाळेच्या वहीची पानं, जशीच्या तशी छापलेली. लिहिणाऱ्याने ना समास पाळलेला, ना ओळ. अक्षरांच्या अंगावर चित्रं चढलेली आणि चित्रांच्या पोटात पुन्हा अक्षरं. चेहरे, खिळे, खोक्यासारखी शरीरं, कसलीशी यंत्रं. पेन्सिल इतकी दाबलेली की कुठे कुठे कागदाला भोक पडलंय.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, ही तर सगळी शेवटची पानं आहेत!"

त्या वह्या आंतोनँ आर्तो या फ्रेंच नाटककाराच्या. आपल्याकडे नाटकवाले 'क्रौर्याची रंगभूमी' म्हणून ज्या कल्पनेबद्दल बोलतात, ती या माणसाची. मी बीए केलं मराठी माध्यमातून. आमच्या अभ्यासक्रमात त्याचं नाव असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे गेले चार महिने चिऊने आणून दिलेले इंग्रजी अनुवाद शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. जे हाती लागलं ते थोडक्यात सांगते.

आर्तोचा जन्म १८९६ सालचा, मार्सेय या बंदराच्या शहरातला. लहानपणी मोठं आजारपण झालं आणि डोक्याची दुखणी जन्मभर पाठीशी लागली. त्यावर अफूची औषधं आली आणि त्यांनीही पाठ सोडली नाही. तो पॅरिसला येऊन नट झाला. मूकपटांतही दिसला. ड्रायरच्या जोन ऑफ आर्कवरच्या १९२८ सालच्या चित्रपटातला तरुण साधू तोच. १९३१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने बाली बेटावरच्या कलावंतांचं नृत्यनाट्य पाहिलं आणि त्याला वाटलं, नाटक म्हणजे हे. शब्दांची गुलामी नको, शरीर, आवाज, प्रकाश, हालचाल यांनी प्रेक्षकाला मुळापासून हलवायला हवं. 'क्रौर्य' म्हणजे त्याच्या मते रक्तपात नव्हे, तर स्वतःला जराही सूट न देणारी कठोर निष्ठा. १९३५ मध्ये त्याने 'ले सांसी' हे नाटक त्या रीतीने केलं. सतरा प्रयोगांत ते बंद पडलं. पुढे १९६४ साली लंडनमध्ये पीटर ब्रुक यांनी त्याच्या कल्पनेचं नाव देऊन प्रयोगांची मालिकाच केली. हे तेच ब्रुक, ज्यांच्या 'महाभारता'वर आपल्याकडे एवढी चर्चा झाली.

पण ते सारं नंतर. १९३७ च्या सप्टेंबरात आयर्लंडहून परत पाठवलेल्या आर्तोला बोटीवरून उतरताच वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिथून पुढे जवळजवळ नऊ वर्षं तो एका इस्पितळातून दुसऱ्यात. त्याचं नाटकावरचं गाजलेलं पुस्तक १९३८ च्या फेब्रुवारीत निघालं तेव्हा लेखक कुलपाआड होता. मग महायुद्ध आलं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये मनोरुग्णालयांतले चाळीस हजारांच्या वर रुग्ण उपासमारीने आणि हेळसांडीने मेले. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आर्तोची म्हातारी आई त्याला खाऊचं पुडकं घेऊन भेटायला जायची. शेवटी रोबेर देस्नोस या कवीमित्राने खटपट केली आणि १९४३ च्या आरंभी त्याला दक्षिणेतल्या रोदेझच्या इस्पितळात हलवलं.

रोदेझचे मुख्य डॉक्टर फेर्दिएर. या माणसाचं काय करावं मला अजून कळलेलं नाही. त्यांनीच आर्तोला पोटभर जेवू घातलं, लिहायला-चित्र काढायला उत्तेजन दिलं, लुईस कॅरलच्या लिखाणाचं भाषांतर करायला लावलं. आणि त्यांच्याच इस्पितळात त्याला पन्नासच्या वर विजेचे शॉक दिले गेले. तेव्हा भूल देण्याची पद्धत नव्हती. सुरुवातीच्याच एका शॉकने त्याच्या पाठीचा मणका मोडला. एक हात कागद देतो आणि दुसरा हात स्मृती पुसतो. दोन्ही हात एकाच माणसाचे, आणि तो माणूस दुष्ट होता असंही म्हणवत नाही.

मधल्या काळात तर आर्तो स्वतःचं नावही टाकून बसला होता. आर्तो मेला, मी नाल्पास, असं तो सांगे. नाल्पास हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. पुढे तो आपल्या नावावर परत आला. आणि १९४५ च्या सुरुवातीला, शॉक थांबले साधारण त्याच सुमारास, त्याने शाळेच्या साध्या वह्या घेऊन लिहायला सुरुवात केली. रोज. १९४६ च्या मे महिन्यात मित्रांनी त्याला सोडवून पॅरिसजवळ इव्रीला आणलं, तिथेही रोज. बागेतल्या एका जुन्या घरात त्याची खोली होती. तिथे लाकडाचा एक ओंडका होता, त्यावर हातोडीचे घाव घालत तो शब्दांचा ताल बघायचा. वही खिशात घडी करून ठेवायचा. ४ मार्च १९४८ च्या सकाळी माळ्याला तो पलंगाच्या पायथ्याशी मेलेला सापडला. वय अवघं एक्कावन्न. पोटात कॅन्सर पसरलेला होता. मागे वह्या राहिल्या, एकूण ४०६.

काय आहे या वह्यांत? खरं सांगते, सलग वाचवत नाहीत. मीही पूर्ण वाचल्या नाहीत, तेवढा अनुवादच झालेला नाही. त्यात शिव्याशाप आहेत. देवाशी भांडण आहे. रोदेझमध्ये आधी तो कमालीचा भाविक होता, १९४५ च्या वसंतात त्याने तो धर्म झुगारून दिला. पत्रांचे कच्चे खर्डे आहेत, औषधांच्या याद्या आहेत, आणि कुठल्याच भाषेत नसलेले, तोंडाने आपटून म्हणायचे शब्द आहेत. आणि 'हृदयाच्या मुली' आहेत. स्वतःच्या हृदयातून जन्माला येणाऱ्या मुलींचं एक कुटुंबच त्याने वह्यांत उभं केलं होतं. त्यांत त्याच्या दोन्ही आज्या आहेत (त्या सख्ख्या बहिणी होत्या), काही मैत्रिणी आहेत. त्या मुली त्याला सोडवायला निघाल्या आहेत, वाटेत त्यांचे हाल होताहेत, पण त्या येताहेत, असं पुन्हा पुन्हा. ज्याला नऊ वर्षांत मोजकी माणसं भेटायला आली, त्याने कागदावर माणसं बोलावली. मला यात वेडेपणा कमी आणि वाट पाहणं जास्त दिसलं.

या वह्यांबद्दल लोकांचे दोन तट आहेत. एक म्हणतात, हे आजारी माणसाचं बरळणं आहे, याचं साहित्य कसलं करता? दुसरे म्हणतात, हीच खरी प्रतिभा, वेडाशिवाय हे सुचलंच नसतं. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. पहिल्यांना मी विचारते, मग त्याच वह्यांतून व्हॅन गॉगवरचं ते लहानसं पुस्तक कसं निघालं, ज्याला १९४८ च्या जानेवारीत तिथलं मानाचं पारितोषिक मिळालं? ते 'बरळणं' नभोवाणीसाठी ध्वनिमुद्रित झालं तेव्हा २ फेब्रुवारी १९४८ चं प्रसारण वरिष्ठांनी आयत्या वेळी रद्द का केलं? बरळण्याला कोणी इतकं घाबरत नाही. आणि दुसऱ्यांना सांगते, ज्याच्या घरात असा माणूस होता त्याला वेडाचं कौतुक सांगू नका. वेडाने लिहिलं नाही. वेड असताना, भूक असताना, मोडलेल्या मणक्याने एका माणसाने रोज बसून लिहिलं. श्रेय बसण्याला आहे.

पण माझी झोप उडाली ती यामुळे नाही. उडाली ती त्या वह्यांचं पुढे काय झालं ते वाचून.

पोल तेवनँ नावाची एक तरुण बाई आर्तोला १९४६ मध्ये भेटली. तो सांगे ते ती उतरून घ्यायची, त्या नभोवाणीच्या कार्यक्रमात तिचा आवाजही आहे. तो गेल्यावर वह्या तिच्याकडे गेल्या आणि पुढची पंचेचाळीस वर्षं ती भिंग घेऊन त्या पेन्सिलीच्या खुणा वाचत बसली. १९५६ पासून त्याचे समग्र खंड निघू लागले. त्यांतले सात खंड नुसत्या रोदेझच्या वह्यांचे, चार खंड पॅरिसला परतल्यानंतरच्या. घरच्यांचं म्हणणं, ही कोण कुठली बाई? आमच्या माणसाच्या वह्यांवर हिचा काय अधिकार? तिचं म्हणणं, त्याने हे काम माझ्यावर सोपवलं होतं. भांडण कोर्टापर्यंत गेलं. ती १९९३ मध्ये वारली. सव्विसावा खंड १९९४ मध्ये निघाला आणि तिथेच मालिका थांबली. उरलेल्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या वह्या एव्हलीन ग्रोसमन यांनी संपादित करून दोन जाड खंडांत काढल्या, त्या थेट २०११ साली. आर्तोला जाऊन तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती. मूळ वह्या आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

तेवनँबाईंवर एक आक्षेप असाही आला की त्यांनी फार नीटनेटकं करून छापलं. चित्रांतून अक्षरं सोडवली, ओळी लावल्या. पानाचं जे रान होतं त्याची बाग झाली. तो आक्षेप मला समजतो. पण मला त्या बाईंचीही बाजू समजते. चौतीस वर्षं लाल पेन हातात धरलेल्या बाईला नीट करण्याचा मोह काय असतो ते विचारूच नका.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आमच्या घरातली बरीच मंडळी हे वाचतात. काहींना आवडणार नाही. आधीच क्षमा मागते.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. कचेरीत कारकून होता. अक्षर मोत्यासारखं. १९६९ मध्ये तो आजारी पडला. त्या आजाराला तेव्हा घरात नाव नव्हतं, 'दादाला बरं नाही' एवढंच म्हणायचे. एका इस्पितळात त्याला शॉक दिले, भूल न देता, माणसांनी धरून. आता आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने तसं करायला बंदी आहे. आणि भूल देऊन नीट केलेला हा उपचार काही रुग्णांना खरंच उपयोगी पडतो, हेही लिहायला हवं. कुणाचं चालू असेल तर माझं वाचून घाबरू नका. पण दादाच्या वेळी तसं नव्हतं. घरी आला तेव्हा त्याला माझं नाव आठवायला वेळ लागला होता.

पुढची वर्षं तो आईजवळ राहिला, आई गेल्यावर आमच्याकडे. आणि तो लिहायचा. वर्ष संपलं की मुलांच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढून मी त्यांच्या वह्या शिवायची, आपल्या पिढीत सगळेच करायचे. त्या वह्या दादाच्या. दुपारभर खिडकीशी बसून लिहायचा. मी कधी विचारलं नाही काय लिहितोस. घरात कुणीच विचारलं नाही. तो लिहितोय म्हणजे शांत आहे, एवढ्यावर आम्ही खूष होतो.

१९८७ मध्ये दादा गेला. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत त्याच्या वह्या मी रद्दीवाल्याला दिल्या. कुणी सांगितलं म्हणून नाही. मी स्वतः माळ्यावरून काढल्या, स्वतः काट्यावर ठेवल्या. साडेचार किलो भरल्या. त्या पैशांचा रवा आणला.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंही वाटलं नव्हतं. मराठीची बाई मी. तुकोबांच्या इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांचा पाठ शिकवताना वर्ग स्तब्ध व्हायचा आणि माझा गळा दाटून यायचा. मग घरी येऊन भावाच्या वह्या रद्दीत घातल्या आणि त्या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे मनाला शिवलंही नाही. तुकोबा ते तुकोबा, दादा तो दादा.

एक वही मात्र राहिली. तीही प्रेमाने नव्हे, काटकसरीने. ती अर्धी कोरी होती, म्हणून दुधाच्या हिशेबाला घेतली होती. चिऊचं ते पुस्तक पाहिल्यावर रात्री उठून जुनी ट्रंक उपसली आणि ती सापडली. मागच्या बाजूने माझं दूध, दोन लिटर, दीड लिटर, खाडा. पुढच्या बाजूने दादा. एसटीच्या गाड्यांच्या वेळा आहेत, बहुतेक आमच्या गावाकडे जाणाऱ्या. एकच गणपती अकरा वेळा काढलाय. आम्हा भावंडांची नावं ओळीने लिहिली आहेत आणि त्यांत सहा महिन्यांची होऊन गेलेल्या बहिणीचंही नाव आहे, जे मी साठ वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आर्तोचीही एक बहीण तान्ही असतानाच गेली होती आणि ती त्याला कधी विसरली नाही, असं वाचलं तेव्हा मला हे पान आठवलं.

आणि एका पानाच्या वरती लिहिलंय, 'बेबीला सांगू नये.' बेबी म्हणजे मी. खाली पाऊण पान मजकूर आहे.

मी तो वाचला. पस्तीसहून जास्त वर्षांनी वाचला आणि वाचायला नको होता की कसं, याचा निकाल अजून लागलेला नाही. काय होतं ते इथे लिहिणार नाही. कुणी विचारूही नये.

म्हणून हा लेख. खाजगी वह्यांचं काय करावं, यावर माझं मत आता असं झालं आहे.

पहिलं म्हणजे, फेकू नये. आजाऱ्याच्या तर मुळीच फेकू नयेत. 'त्यात काही अर्थ नाही' हे ठरवण्याची घाई आपल्याला असते, कारण अर्थ निघाला तर आपल्याला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. आर्तोच्या वह्या वाचायला लोकांना अर्धं शतक लागलं. तेवनँबाईंनी हट्टाने उतरवून काढल्या नसत्या तर त्या वाचल्याच गेल्या नसत्या.

दुसरं, ठेवाव्यात तशा. नीट करू नयेत. ओळीबाहेर गेलेलं अक्षर ओळीत आणलं की वाचायला सोपं होतं, पण ते ओळीबाहेर का गेलं हे कायमचं हरवतं. आर्तोने स्वतः हा वाद विशीच्या उत्तरार्धातच घातला होता. १९२३ मध्ये त्याच्या कविता एका मोठ्या मासिकाचे संपादक जाक रिव्हिएर यांनी साभार परत केल्या. त्याने उलट पत्र पाठवलं, त्यातला मुद्दा असा की माझे विचार माझ्या हातून निसटतात, त्या निसटण्यातून जे थोडं वाचलंय ते हे आहे, सदोष आहे म्हणून त्याला अस्तित्वाचा हक्क नाही का? संपादकांना कवितांपेक्षा ही पत्रंच मोलाची वाटली. नावं बदलून छापू या, असं त्यांनी सुचवलं. आर्तो नाही म्हणाला. खोटं कशाला? १९२४ मध्ये पत्रं खऱ्या नावांनी छापली गेली. माणूस मोठा असो की कचेरीतला कारकून, मोडक्या वाक्याला जागा मागण्याचा हक्क दोघांना सारखाच.

तिसरं सगळ्यांत अवघड. छापावं की नाही? इथे मात्र आर्तो आणि दादा यांच्यात मी फरक करते. आर्तो लेखक होता. स्वतःचं समग्र लिखाण छापण्याचा करार त्याने १९४६ मध्ये स्वतः प्रकाशकाशी केला होता. वह्यांतला मजकूर उचलून तो पुस्तकं रचत होता. त्याच्या वह्या म्हणजे सुताराचं कारखान्यातलं बाकडं, तिथे भुसा असणारच. ते लोकांपुढे आलं तर त्याच्या इच्छेविरुद्ध झालं असं मी म्हणणार नाही. त्यात ज्या जिवंत बायकांची नावं घेऊन त्याने त्यांना आपल्या मुली केलं, त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र उरतो आणि त्याला चांगलं उत्तर मला कुठे मिळालं नाही. दादाने असा करार कुणाशी केला नव्हता. उलट त्याने तीन शब्दांत आपली अट लिहून ठेवली होती.

म्हणजे निकाल कुणी द्यायचा? घरच्यांच्या लाजेने नव्हे आणि अभ्यासकांच्या हावेनेही नव्हे. ज्याने लिहिलं त्याची मर्जी काय होती ते आधी शोधावं. ती कळत नसेल तर जपून ठेवावं आणि गप्प बसावं. जपणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असं वाटतं म्हणून घरोघरी वह्या रद्दीत जातात. 'उद्या कुणाच्या हाती लागलं तर?' या भीतीने. अहो, लागू दे की. कुणाच्या तरी हाती लागावं म्हणूनच तर माणूस पाणी सोडून कागदावर लिहितो.

आणि एक सांगायचं राहिलं. वह्या जपण्याहूनही सोपी गोष्ट होती. तो खिडकीशी बसून लिहीत असताना 'काय लिहितोस रे?' एवढं विचारणं. आर्तोला शेवटच्या दोन वर्षांत का होईना, तसं विचारणारी माणसं मिळाली. आमच्या घरात तो प्रश्न विचारायला अठरा वर्षं होती.

असो. फार झालं. आता कामाचं बोलते.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे दादाचा एखादा कागद असेल, पत्र, गणपतीचं चित्र, राखी पौर्णिमेचं पाकीट, काहीही, तर मला कळवा. मूळ नको, फोटो काढून पाठवलात तरी चालेल. त्या सहा महिन्यांच्या बहिणीचं नाव कुणाला आठवतंय का, तेही सांगा. मला ते आता ठाऊक आहे, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचंय.

त्या वहीला मी खाकी कव्हर घातलंय. चिऊ म्हणाली, तुझे दुधाचे हिशेब कापून काढू का? नको म्हटलं. ते तसंच राहू दे. वर चिठ्ठी चिकटवून दादाचं नाव लिहिलं आणि सवयीने खाली 'इयत्ता, तुकडी' लिहायला गेले. हात आवरला.

चूकभूल द्यावी घ्यावी. तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. तिचं काय केलंत, जमलं तर लिहा.